कोणी नेत नाही ते पुस्तक

वैष्णवीनं माझ्या कपाटातलं पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणलं, तेव्हाच मी ठरवलं की आता घराबाहेर पडायचं.

आधी थोडं सांगतो. परतवाड्यात माझ्या घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी सकाळी वाचनवर्ग असतो. अकरावी-बारावीची आणि बी.ए.च्या पहिल्या वर्षाची मुलं-मुली येतात. विषय दोनच, कायदा आणि तत्त्वज्ञान. लोक विचारतात, सर, हेच का? मी म्हणतो, कारण कायदा सांगतो 'असं कर', आणि तत्त्वज्ञान विचारतं 'काऊन?', म्हणजे 'का?' ज्या पोराला पहिलं ठाऊक नाही त्याला कोणीही लुबाडतो, आणि ज्याला दुसरं विचारता येत नाही त्याला कोणीही हाकतो. गेली तीस वर्षं गावोगावच्या व्याख्यानमालांत मी हेच ओरडून सांगत आलो आहे. टाळ्या भरपूर मिळाल्या.

वर्ग सुरू झाला तेव्हा खोलीत चपला ठेवायला जागा नव्हती. मी कपाटातली भारदस्त पुस्तकं काढून मुलांच्या हातात दिली. पुढच्या रविवारी चपला कमी झाल्या. मग आणखी कमी. शेवटी दाराशी एकच जोड उरला, वैष्णवीचा. तिचे वडील फुलं आणि भाजी पिकवतात, परतवाड्याच्या बाजारात बसतात. बारावीनंतर अमरावतीला पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करायचा, हे तिचं दोन वर्षांपासूनचं म्हणणं. आणि त्या दिवशी तिनं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं.

"सर, हे वापस घ्या."

"काय झालं?"

"तीन दिवस एकच पान वाचून राह्यली. मले काहीच समजलं नाही." ती खाली बघत होती. "बाबा म्हणते, पहिलंच पान समजत नाही तं वकिली काय करशीन? मी ढ आहो का जी सर?"

मी 'नाही' म्हणालो, पण नुसत्या 'नाही'नं काय होतं? ती म्हणाली, पुढच्या रविवारी येते, पण शेवटचं. मग डी. फार्मसीचं बघणार. डी. फार्मसीवर माझा राग नाही. पण एका पोरीनं एका अवघड पानामुळे स्वतःला ढ समजावं, यावर माझा फार राग आहे. रविवारच्या आत मला दोन पुस्तकं हवी होती, एक कायद्याचं आणि एक तत्त्वज्ञानाचं. मराठीत, पहिल्या पायरीची आणि सतरा वर्षांच्या मुलीला एकटीनं वाचता येतील अशी.

गुरुवारी सकाळी परतवाड्याच्या स्टँडवरून अमरावतीची बस पकडली. गाड्या दिवसभर असतात, वेळापत्रक बघायची गरज नाही. वाट सव्वा ते दीड तासाची. जागा मात्र मिळवावी लागते. पूर्वी ते काम सुमनचं, म्हणजे माझ्या बायकोचं. गाडी थांबायच्या आत ती खिडकीतून रुमाल टाकायची आणि दोन जागा धरायची. मी मागून वक्त्याला शोभेल अशा चालीनं चढायचो. ती गेल्याला चार वर्षं झाली. आता मी सगळ्यांत शेवटी चढतो आणि मागच्या चाकावरची जागा मिळते. तिथं गुडघे हनुवटीला लागतात, पण खिडकी असते.

कंडक्टरनं तोंडाकडे बघत विचारलं, "काकाजी, कार्ड?"

"अजून अर्ध्या तिकिटाचं वय नाही झालं माझं."

"दिसता तं जी." त्यानं पूर्ण तिकीट फाडलं. "एकटेच?"

"एकटाच."

हा प्रश्न पुढचे तीन दिवस माझ्या पाठीला लागणार होता.

कापसाचे दिवस होते. आसेगावपासून पुढे रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरं पांढरं लागलेलं दिसत होतं. वरपर्यंत भरलेल्या गाड्या जाताना फांद्यांना कापूस अडकतो, तो तसाच राहतो. कोणी काढत नाही. संत्र्यांचे ट्रकही होते, पण त्यांचा नुसता वास मागं राहतो. शेजारच्या जागेवर मी पिशवी ठेवली होती. पिशवीत दोन कपडे, डबा आणि माझ्या भाषणांच्या पुस्तकाच्या दोन प्रती. हे पुस्तक मी स्वतःच छापलं आहे. कुठं निघालो की एक-दोन प्रती बरोबर घेतो, कोणी मागितली तर असावी म्हणून. पलंगाखाली बऱ्याच आहेत.

अमरावतीत उतरलात तर आधी खाऊन घ्या, मग पुस्तकं शोधा. उपाशीपोटी शोधू नका, संताप जास्त होतो. गिला वडा खायचा असेल तर दुपारच्या आत खावा. गोड दह्यात बुडालेला वडा, वर तिखट-मीठ, आणि जे मिळेल ते टेकून उभ्यानं खाणं. वीस-तीस रुपयांत काम होतं. "किती प्लेट?" "एक." "बस एकच?" मी मान हलवली.

राजकमल चौकाच्या आसपास पुस्तकांची दुकानं आहेत. मी पहिल्या मोठ्या दुकानात शिरलो. जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकंच पुस्तकं, आणि सगळ्यांच्या अंगावर एकच भाषा: हमखास, संभाव्य, शॉर्टकट. भरती, भरती, भरती.

"तत्त्वज्ञानाची ओळख करून देणारं पुस्तक आहे का? मराठीत?"

मालकांनी विचारलं, "पेपर कोणता?"

"पेपर नाही. वाचायला पाहिजे."

"वाचालेच, पण कोणत्या परीक्षेच्या वाचाले?"

"कोणत्याच नाही."

त्यांनी हातातलं गाइड खाली ठेवलं. मग अगदी सज्जनपणे म्हणाले, "सिलॅबस नसलेलं पुस्तक आमी ठेवत नाही जी."

झालं! माझ्या आत जे काही आहे ते पेटलं. दुकानात आठ-दहा मुलं होती, त्यांच्याकडे वळून मी बोललो. म्हणालो, पोरांनो, ज्या राज्यघटनेवर शंभर प्रश्न पाठ करता तिचं एक कलम कधी स्वतःच्या आयुष्याला लावून पाहिलंत का? चार पर्यायांतून उत्तर निवडायला शिकलात. पाचवा पर्याय सुचवायला कोण शिकवणार? ज्या देशातले तरुण फक्त उत्तरं पाठ करतात, त्या देशातले प्रश्न भलतेच लोक विचारतात! आवाज चढला होता. बाहेर रिक्षावालेही थांबून बघू लागले. एका मुलानं फोन वर धरला. संपल्यावर खरोखर टाळ्या पडल्या.

मालकांनी चहा मागवला. "लय भारी बोलले सर, काटाच आला अंगावर." कप माझ्या हातात देत ते म्हणाले, "पण पुस्तक नाही."

मुलं पुन्हा आपापल्या गाइडांकडे वळली होती. चहा गोड होता. मी तो उभ्यानं संपवला आणि बाहेर आलो. इतक्या वर्षांत मला सवय झाली आहे. टाळ्या थांबल्यावर जी शांतता होते तिच्यात मी पिशवी उचलतो आणि निघतो. पूर्वी खाली पहिल्या रांगेत सुमन माझी वाट बघत असायची. "आज लांबवलं तुमी," एवढंच म्हणायची.

कायद्याचं पुस्तक मात्र अमरावतीतच मिळालं. कोर्टाजवळच्या एका अरुंद दुकानात, स्टॅम्प पेपर आणि फायलींच्या मागं. शोधणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. एक, छापल्याचं वर्ष बघा. फौजदारी कायदे नवे आले, कलमांचे आकडे बदलले. जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, पण त्यातले आकडे पाठ केले तर मूल तोंडघशी पडेल. दुसरं, पहिलं पान उघडा. तिथं व्याख्या असेल तर पुस्तक ठेवून द्या, प्रश्न असेल तर घ्या. या पुस्तकाच्या पहिल्या पानावर होतं: शेजाऱ्याच्या आंब्याची फांदी तुमच्या अंगणात आली, तर आंबे कोणाचे? मी तिथंच ते बगलेत मारलं. किंमत दीडशेच्या आत. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "हे तं मी मांगच्या वर्षी आणलं होतं. कोणी हात नाही लावला."

रात्रीसाठी स्टँडजवळचा लॉज घेतला. खोली स्वच्छ, सहाशे रुपये. काउंटरवर पुन्हा तेच. "एकटेच का सर? पण खोली डबलचीच आहे."

"चालेल," म्हणालो. दुसऱ्या उशीवर पुस्तक ठेवलं.

शुक्रवारी बडनेऱ्याहून रेल्वेनं अकोल्याला गेलो. साधा डबा, दीड तास. बसपेक्षा स्वस्त आणि मान मोकळी राहते. समोर एक कुटुंब शेगावला निघालं होतं. त्यांनी भाकरी-ठेचा सोडला आणि मला विचारल्याशिवाय माझ्या हातावर अर्धी भाकरी ठेवली. वऱ्हाडात असं विचारत नाहीत. पण त्यांचं बोलणं त्यांच्यातच होतं. भाकरी खाऊन मी खिडकीबाहेरची काळी माती बघत राहिलो.

अकोल्यात दिवसभर पायपीट केली. नव्या पुस्तकांची दुकानं, जुन्या पुस्तकांच्या हातगाड्या, एक रद्दीचं गोदामसुद्धा. तत्त्वज्ञान म्हटलं की एक तर पोथ्या पुढे यायच्या, नाही तर 'तीस दिवसांत श्रीमंत व्हा'. माणसानं प्रश्न मागावा आणि बाजारानं त्याच्या हातात एक तर प्रसाद ठेवावा नाही तर लॉटरीचं तिकीट, ही आपली अवस्था! हे मी एका हातगाडीवाल्याला सुनावलं. तो म्हणाला, "बराबर हाय साहेब. घेता का मंग काही?"

रात्री दुसऱ्या एका डबलच्या खोलीत झोपलो आणि शनिवारी सकाळी हार मानली. परतीच्या गाडीआधी वेळ होता. प्रवीण नावाचा माझा जुना विद्यार्थी जठारपेठेत अभ्यासिका चालवतो, त्याच्याकडे चहाला गेलो. ज्यांनी अभ्यासिका पाहिली नाही त्यांच्यासाठी: एक लांब हॉल, प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात खुर्ची, दिवा, चार्जिंगचा प्लग. महिन्याची फी भरून मुलं पहाटेपासून बसतात. भिंतीवर पाटी: बोलू नये. माझ्यासारख्या माणसाला ती पाटी बघूनच घशात खवखवतं.

प्रवीण खालून चहा आणायला गेला. जेवणाची वेळ होती, बरेच कप्पे रिकामे होते. मी रांगेतून हिंडलो. आणि पाहिलं तर प्रत्येक रिकाम्या कप्प्यात टेबलाच्या मधोमध एकेक जाडजूड पुस्तक. एकात जुनी टेलिफोन डिरेक्टरी, दुसऱ्यात खत कंपनीची डायरी, तिसऱ्यात अर्धा फाटलेला शब्दकोश. पाचव्या की सहाव्या कप्प्यात मुखपृष्ठ नसलेलं, पुठ्ठा चिकटवलेलं एक पुस्तक. सवयीनं उघडलं. पहिलं पान.

'तुम्ही आत्ता हे वाचत आहात. हे तुम्हाला कशावरून ठाऊक?'

मी उभ्या उभ्या पान उलटलं. मग खुर्चीवर बसलो. न्याय म्हणजे काय, माणूस मोकळा असतो का, चांगलं कशाला म्हणायचं; एकेक प्रकरण चार-पाच पानांचं, गोष्टीनं सुरू होणारं आणि प्रश्नावर थांबणारं. शेवटी अवघड शब्दांचे सोपे अर्थ. कुणा प्राध्यापकानं कधीकाळी आपल्या विद्यार्थ्यांसाठी जीव ओतून लिहिलेलं. नावाचं पान फाटलेलं होतं. तीन दिवस मी दोन शहरं धुंडाळत होतो, आणि ते इथं टेबलावर पडलं होतं.

"ओ काकाजी." मागून कोणीतरी कुजबुजलं. "जागा धरेल हाय ती."

बावीस-तेवीसचा मुलगा, ओल्या हातांनी. मी पाटीकडे बोट केलं, तसे आम्ही जिन्यात आलो. त्याचं नाव आकाश, मूर्तिजापूरकडचा, तलाठी भरतीची तयारी करत होता.

"हे पुस्तक तुझं?"

"माहं म्हंजे, जागेचं हाय. इथं टेबलावर पुस्तक असलं म्हंजे जागा धरली, असा कायदा हाय आमचा."

"मग गाइड का नाही ठेवत?"

तो हसला. "गाइड ठेवलं तं पाच मिनिटांत गायब. असं पायजे का जे कोणी नेत नाही. हे इथल्या जुन्या पोराचं. तो लागला नोकरीले, जाताना मले देल्लं. त्याले त्याच्या आंधीच्यानं देल्लं होतं. लकी हाय म्हंते."

"तू वाचलंस?"

"वाचाले उचललं तं जागा जाईन न जी!"

मी सांगितलं की मला हे एका मुलीसाठी हवं आहे. सगळंच सांगितलं, वैष्णवीचं, एका पानाचं, रविवारचं. भाषण केलं नाही. जिना अरुंद होता आणि ऐकणारा एकच. त्यानं पुस्तक उलटंपालटं केलं.

"न्या मंग. पण मले दुसरं द्या. जाड पायजे. आन कोणी नेलं नाही पायजे."

माझा हात पिशवीत गेला. माझं पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्यानं आधी वजन पाहिलं, मग मागचा फोटो, मग मला.

"हे तुमी हा?"

"हो."

"बाप्पा! भाषणं काय इतली?" मग काळजीनं, "कोणी नेत तं नाही न हे?"

"नाही," मी म्हणालो. "सहसा कोणी नेत नाही."

"मंग मस्त हाय."

"सही करून देऊ?"

"नका करू जी. सही पाहून कोणी उचलीन."

आम्ही फोन नंबर घेतले. प्रवीण चहा घेऊन आला तेव्हा माझं पुस्तक टेबलाच्या मधोमध जाऊन बसलं होतं आणि मी जिन्यात उभा होतो.

परतीला अकोट-अंजनगावमार्गे बस घेतली. रस्ता काही ठिकाणी खणलेला आहे, तीन तास धरून चाला. अकोटला गाडी थांबते, तिथं भजी चांगली मिळतात. अंजनगावला एक बाई चढली. शेजारच्या जागेवरच्या पिशवीकडे बोट करून तिनं विचारलं, "कोणी हाय का इथं?"

मी पिशवी मांडीवर घेतली. "नाही. बसा."

रविवारी वैष्णवी आली. या खेपेला वडील सोबत होते; गाडीवर फुलांची टोपली तशीच, बाजार गाठायची घाई. ते दारातच उभे राहिले. मी कायद्याचं पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. तिनं पहिलं पान वाचलं, थांबली, पुन्हा वाचलं.

"सर, फांदी आमच्या अंगणात आली तं सावली बी आमच्यावर पडते न? सावलीनं शेवंती बसते, फुलत नाही. ते नुकसान कोण देईन?"

दारातून वडील म्हणाले, "फांदी तोडाची न सरळ! त्याच्यात काय कायदा?"

"असं कसं तोडाची बाबा? झाड त्याइचं हाय!"

"आन शेवंती कोणाची हाय मंग?"

हाच तो क्षण होता. मालमत्ता, न्याय, शेजारधर्म. माझ्या छातीत एक पूर्ण व्याख्यान उभं राहिलं. मी उठलो, हात वर केला. "वैष्णवी, मुळात मालकी म्हणजे..."

"थांबा न सर," ती पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "पुढचं वाचू द्या."

मी खाली बसलो.

तिचे वडील बाजाराला गेले तेव्हा उशीर झाला होता. जाताना मला म्हणाले, "ढ नाही वाटत सर पोरगी. भांडते मस्त." दोन्ही पुस्तकं ती घेऊन गेली, कागदात न गुंडाळता. पुढच्या रविवारी येणार म्हणाली. चुलतबहिणीलाही विचारते म्हणाली.

या प्रवासात काय मिळालं, असं विचाराल तर हिशेब सोपा आहे: तीन दिवस, दोन पुस्तकं, तीही आता माझ्याकडे नाहीत. दुपारनंतर घर पुन्हा नेहमीसारखं झालं. वर्ग संपला की या खोलीत खुर्च्यांचाच काय तो आवाज होतो, मी त्या भिंतीला लावत असतो म्हणून.

बुधवारी फोन वाजला. आकाश. चिडलेला.

"सर, तुमी तं म्हणले होते कोणी नेत नाही!"

"काय झालं?"

"नेलं न कोणीतरी! जेवून आलो तं पुस्तक गायब, आन जागेवर दुसराच बसेल. दिवसभर जिन्यात बसून अभ्यास केला मी."

"कोणी नेलं?"

"काय मालूम! विचारलं सगळ्याइले. कोणी सांगून नाही राह्यलं. दुसरं पाठवा आता. याच्याहून बेकार असन तं पाठवा."

पाठवतो म्हणालो. माळ्यावर एक जुनी टेलिफोन डिरेक्टरी होती, ती दुसऱ्या दिवशी बसच्या पार्सलनं अकोल्याला रवाना केली. ती कोणी नेणार नाही.

फोन ठेवल्यावर मी पुढच्या खोलीत आलो. माणसं मला ऐकतात ती मी समोर उभा असतो म्हणून. मी निघून आल्यावर, माझा आवाज तिथं नसताना, बोलू नये अशा त्या खोलीतून कुणीतरी मला उचलून घरी नेलं होतं. कोण ते मला कधी कळणार नाही. सवयीनं मी पहिल्या रांगेकडे पाहिलं, म्हणजे भिंतीला लावलेल्या खुर्च्यांकडे, आणि त्यातली एक, कोणी येऊन बसणार असल्यासारखी, ओढून मधे घेतली.